३० सप्टेंबरच्या आत

गळीत हंगाम संपतो, निम्मा पावसाळा सरतो आणि सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासदाच्या घरी येऊन पडतो. आत सभेची नोटीस, नोटिशीखाली विषयपत्रिका. पहिला विषय वर्षानुवर्षं तोच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही तोच : मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे. मधल्या पानांवर गाळप किती टन, उतारा किती टक्के, साखर किती क्विंटल, बगॅस किती वाचला, सगळं दशांशापर्यंत मांडलेलं. असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. कारखान्यातून पाणी किती बाहेर पडलं, कुठं गेलं आणि जाताना ते कसं होतं, याचा आकडा त्यांत सापडणं अवघड. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांचं पालन केलं जातं, अशा अर्थाच्या एका वाक्यावर तो विषय मिटतो. त्या एका वाक्यामागे काय असतं आणि ते विचारायचा हक्क कुणाला आहे, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

भागधारक, कंपन्या, पर्यावरण हा मुंबईचा मामला, जालन्यात त्याचं काय, असं वाचकाला वाटेल. वाटणं साहजिक आहे. जालना हे पैशाचं गाव खरं, 'जालना सोने का पालना' ही म्हण उगीच पडलेली नाही. पण इथलं भांडवल बहुतांशी घराण्यांचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको उभी केली आणि संकरित बियाण्यांमुळे जालन्याचं नाव देशभर गेलं, पण तिचा शेअर बाजारात कधी मिळाला नाही. औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या बहुतेक गिरण्या प्रायव्हेट लिमिटेड. भट्टीत भंगार वितळतं, सळई देशभर जाते, धूर मात्र इथंच राहतो. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांची जी यादी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमासाठी झाली, तीत महाराष्ट्रातल्या दीड डझनाहून अधिक शहरांबरोबर जालनाही आहे. त्या गिरण्यांच्या सभेत जाऊन बसायला सामान्य जालनेकराकडे कागद नाही.

मग या जिल्ह्यातला छोटा भागधारक कोण? तो मुख्यतः दक्षिणेला, गोदावरीच्या पट्ट्यात राहतो. अंबड तालुक्यात अंकुशनगरचा समर्थ कारखाना, घनसावंगीत तीर्थपुरीचा सागर, वर भोकरदनला रामेश्वर. या कारखान्यांच्या गाळप क्षेत्रातल्या गावोगावी भागधारक आहेत. कुणी बापाच्या नावावरचा शेअर स्वतःच्या नावावर करून घेतला, कुणी उसाच्या बिलातून कपात देऊन भाग पुरा केला. शेअरचा दाखला ट्रंकेत आणि सभासद म्हणून मिळणारी सवलतीची साखर दिवाळीला घरात. आपण एका उद्योगाचे मालक आहोत, ही जाणीव यापलीकडे फारशी जात नाही. जायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

कारण कंपनीच्या भागधारकाला जे स्वप्नातही मिळत नाही, ते या सभासदाला कायद्यानं दिलं आहे. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासद एक, मत एक. शंभर एकरवाला आणि दीड एकरवाला तिथं एका रांगेत बसतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला, तेव्हापासून या चळवळीचा पाया हाच आहे. शिवाय मुंबईत बसून शेअर घेणाऱ्याला कारखान्याच्या सांडपाण्याचा वास येत नाही. इथल्या सभासदाची विहीर कारखान्याच्या शिवारात आहे, त्याचं जनावर त्याच ओढ्यावर पाणी पितं, चिमणीची काजळी त्याच्याच गच्चीवरच्या वाळवणावर पडते. मालक आणि पीडित एकाच घरात राहतात, असा उद्योग दुसरा दाखवता येणार नाही.

आता पाण्याचं थोडं तपशिलात पाहू. उसात साधारण सत्तर टक्के पाणीच असतं. रस आटवताना ते वाफ होऊन निघतं, थंड होऊन पुन्हा पाणी होतं, म्हणजे नीट चालवलेल्या कारखान्याला बाहेरचं पाणी फार लागायला नको. पण यंत्रं धुणं, फरशी धुणं, तेल गळणं, रस सांडणं यातून सांडपाणी तयार होतं. केंद्र सरकारनं २०१६ च्या जानेवारीत काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे दर टन उसामागे प्रक्रिया केलेलं सांडपाणी २०० लिटरच्या वर जाता कामा नये. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला हे गणित लावा : दिवसाला १० लाख लिटर, १५० दिवसांच्या हंगामात १५ कोटी लिटर. ही मर्यादा पाळून. मर्यादा सुटली तर पाणी किती वाढतं, ते त्या शिवारातल्या विहिरी सांगतात.

खरा अवघड भाग आसवनीचा, म्हणजे डिस्टिलरीचा. इथेनॉलच्या धोरणामुळे साखर कारखाने आसवन्या उभारू लागले, वाढवू लागले. शेतकऱ्याच्या बिलासाठी ते गरजेचंही होतं, त्याला माझा विरोध नाही. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. काळपट, तांबूस, आंबूस वासाचा. त्यातला सेंद्रिय भार घरगुती सांडपाण्याच्या शंभर पटींहून अधिक. तो ओढ्यात गेला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. म्हणून आसवनीबाहेर त्याचा थेंबही सोडायचा नाही, असा नियम आहे. आटवून बॉयलरमध्ये जाळा किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करा. साठवणीची तळी अस्तर लावलेली हवीत, कंपोस्टचं आवार पक्कं हवं. हे सगळं खर्चिक आहे, आणि खर्च टाळायचा झाला की पहिल्या पावसात तळं 'फुटतं'. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं दिसू लागलं की माणसं प्रदूषण मंडळाकडे धाव घेतात, वर्तमानपत्रात बातमी येते, पथक येऊन नमुने नेतं. पण ज्या सभेत तळ्याच्या अस्तराचा खर्च मंजूर व्हायचा, तिथं बसलेला सभासद त्या दिवशी काय बोलला होता?

जगात छोट्या भागधारकांनी हे केलं आहे, आणि त्यातला एक प्रसंग आपल्या सभासदानं मुद्दाम वाचावा असा आहे. जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो नावाच्या रासायनिक कारखान्यानं पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्रात सोडलं. त्या खाडीतले मासे खाऊन माणसांचे हातपाय वाकडे झाले, बोलणं गेलं, मुलं गर्भातूनच आजार घेऊन आली. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचं ते उत्पादन बंद व्हायला १९६८ उजाडलं. दरम्यान कारखान्याच्या स्वतःच्या डॉक्टरनं मांजरांवर प्रयोग करून सांडपाण्यानेच हा रोग होतो, हे १९५९ मध्येच पाहिलं होतं, आणि कंपनीनं ते दडवलं. दार ठोठावून थकलेल्या रुग्णांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी मग एक युक्ती केली. प्रत्येकानं कंपनीचा एक-एक शेअर विकत घेतला. २८ नोव्हेंबर १९७० ला ओसाकात चिस्सोची भागधारक सभा होती. मिनामाताचे रुग्ण आणि नातेवाईक यात्रेकरूंच्या पांढऱ्या वेशात, मृतांच्या आठवणी घेऊन त्या सभेत भागधारक म्हणून शिरले. कंपनीचे ठराव त्या दिवशीही काही मिनिटांत मंजूर झाले. मतांनी ही माणसं हरलीच. पण ज्या अध्यक्षांना भेटण्यासाठी त्यांनी वर्षं घालवली होती, त्यांच्यासमोर ती उभी राहिली आणि आपल्या मेलेल्या माणसांबद्दल बोलली. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयानं कंपनीला दोषी धरलं.

त्याच १९७० साली अमेरिकेत राल्फ नाडर यांच्या सहकाऱ्यांनी जनरल मोटर्सचे बारा शेअर घेतले आणि प्रदूषण, सुरक्षितता यांवरचे ठराव कंपनीपुढे मांडले. ठराव पडले. वर्षभरात कंपनीनं संचालक मंडळावर पहिला कृष्णवर्णीय संचालक, लिऑन सलिव्हन, घेतला. नेदरलँड्समध्ये 'फॉलो धिस' या छोट्या भागधारकांच्या गटानं शेल कंपनीपुढे हवामानाचा ठराव २०१६ मध्ये आणला तेव्हा तीन टक्केही मतं मिळाली नाहीत. तोच प्रश्न दरवर्षी मांडत राहिल्यावर २०२१ मध्ये तीस टक्के मिळाली, कारण तोवर मोठे निवृत्तिवेतन निधी त्यांच्या बाजूला आले होते. एक्सॉनमध्ये तर ०.०२ टक्के भाग असलेल्या एका छोट्या फंडानं २०२१ मध्ये तीन संचालक निवडून आणले. मतं मोठ्या निधींची होती, प्रश्न छोट्यांचा होता.

शेअरच्या जोरावर सगळं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या रत्नागिरीचंच पाहा. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी तिथं यायचा होता. १९९३ मध्ये आंबा बागायतदार आणि गावकरी रस्त्यावर उतरले आणि काम थांबलं. कारखाना तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला, आणि मे २०१८ मध्ये तिथं आंदोलकांवर गोळीबार होऊन तेरा माणसं गेली. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातल्या नियोजित खाणीचा प्रश्न त्याच उद्योगसमूहाचा होता. तिथं चर्च ऑफ इंग्लंडनं २०१० मध्ये आपले शेअर विकून टाकले, पण २०१३ मध्ये निर्णायक ठरल्या त्या डोंगरातल्या बारा ग्रामसभा. रस्ता, न्यायालय, ग्रामसभा आणि भागधारकांची सभा ही चारही दारं एका वेळी वाजवावी लागतात. पहिली तीन आपल्याला ठाऊक आहेत. चौथं आपल्या नावावर असूनही आपण ते वाजवत नाही, याची मला खंत आहे.

कायदा काय देतो, ते पुढे सविस्तर आहे, इथं थोडक्यात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ मध्ये संचालकांची कर्तव्यं सांगताना भागधारक, कामगार आणि समाज यांच्या हिताबरोबर पर्यावरणाचं संरक्षण स्पष्ट शब्दांत घातलं आहे. कलम १५१ प्रमाणे, वीस हजारांपर्यंत दर्शनी किमतीचे शेअर असणाऱ्या छोट्या भागधारकांना शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत आपला एक संचालक निवडता येतो. त्यासाठी एक हजार किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक दशांश, यांतली जी संख्या कमी असेल तितक्यांनी मागणी करावी लागते. तरतूद चांगली, वापर नगण्य. भागधारकांनी स्वतः ठराव मांडायचा तर दहा टक्के मतांचं बळ लागतं, ते छोट्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणून हाती उरतो तो प्रश्न. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा, उत्सर्जन यांचे आकडे ठरलेल्या नमुन्यात देणं सक्तीचं केलं आहे. जालन्यातल्या ज्या तरुणांनी मोबाइलवर डिमॅट खातं उघडून शेअर घेतले आहेत, त्यांनी हे आकडे काढून वाचावेत. जालन्यात कारखाना असलेल्या सूचीबद्ध कंपन्याही आहेत, एनआरबी बेअरिंग्ज ही त्यांतली एक. बांधकाम कंपनीचा शेअर असेल तर सळई कुठून घेता आणि त्या भट्टीचं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र चालू आहे का, एवढं सभेत विचारता येतं. आपल्या शहराच्या धुराबद्दल बोलण्याचं हे लांबचं पण मोकळं दार आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे भागधारकही यात आले; तिथंही एका सभासदाला एकच मत.

सहकारी कारखान्याच्या सभासदासाठी मात्र एक तारीख मी पुनःपुन्हा सांगत आलो आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आणि पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे प्रत्येक संमतीधारक उद्योगाला मागच्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, ज्याला 'फॉर्म पाच' म्हणतात, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावं लागतं तेही ३० सप्टेंबरच्या आत. पाणी किती वापरलं, कच्चा माल किती लागला, कोणते प्रदूषक किती बाहेर गेले, ते निकषापेक्षा किती कमी-जास्त होते, घातक कचरा किती, त्याची विल्हेवाट कशी लावली, प्रदूषण रोखायला पुढे किती पैसे घालणार, हे सगळं त्या विवरणपत्रात लिहावं लागतं. म्हणजे सभा ज्या दिवसांत भरते, त्याच दिवसांत हा कागद तयार होत असतो. अध्यक्षांनी ‘माहिती गोळा करून कळवतो’ म्हणायला जागाच उरत नाही.

हा कागद मागायचा कसा? सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकाराखाली येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये थलप्पलम बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं. प्रदूषण नियंत्रण मंडळ मात्र येतं. कारखान्याचं संमतीपत्र, त्यातल्या अटी, मंडळानं पाठवलेल्या नोटिसा आणि फॉर्म पाच मंडळाकडून मागवता येतात. आणि सभासदाला तर सहकार कायद्याच्या कलम ३२ नं वेगळा हक्क दिला आहे : सर्वसाधारण सभेचंच नव्हे, संचालक मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्तही तो कारखान्याच्या कार्यालयात बसून पाहू शकतो, फी भरून प्रत घेऊ शकतो. प्रदूषण मंडळाची नोटीस संचालकांपुढे आली होती का, त्यावर काय ठरलं, हे त्यात दिसतं. काहीच ठरलं नसेल तर तेही दिसतं.

प्रश्न नेमका असावा. "प्रदूषणाचं काय करताय?" असं विचारलं की "सर्व निकष पाळतो" हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी कागदावर लिहा : सरत्या हंगामात दर टन उसामागे किती लिटर सांडपाणी निघालं? स्पेंटवॉश किती निघाला, किती जाळला, किती कंपोस्टला गेला? सांडपाण्याचं ऑनलाइन मोजणी यंत्र हंगामात किती दिवस बंद होतं? मंडळाच्या किती नोटिसा आल्या, त्यांना काय उत्तर दिलं, किती दंड वा बँक हमी भरली? पुढच्या हंगामासाठी या कामावर किती तरतूद केली? पाच ओळी पुरेत. सभेच्या आधी आवक विभागात द्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. सभेत उत्तर मिळो न मिळो, प्रश्न इतिवृत्तात आला पाहिजे, हा आग्रह सोडायचा नाही. पुढच्या वर्षी विषय क्रमांक एक म्हणून तेच इतिवृत्त वाचलं जाणार असतं.

भीतीबद्दल न बोलणं अप्रामाणिक ठरेल. सभेत उठून बोललेल्या माणसाच्या उसाची तोड लांबते, चिटबॉय फिरकत नाही, टोळी दुसऱ्या शिवारात जाते, आणि मार्चच्या उन्हात उभ्या उसाचं वजन घटत राहतं, ही गोष्ट ऊस पट्ट्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. वर्षाचं पीक ज्याच्या हातात अडकलं आहे, त्याला मालकासारखं प्रश्न विचार असं सांगणं सोपं नाही. त्यावर मला एकच उपाय दिसतो. एकट्यानं विचारू नये. पाच गावांतल्या वीस-पंचवीस सभासदांनी एकाच अर्जावर सह्या कराव्यात, त्यांत सत्ताधारी गटाचे आणि विरोधी गटाचे दोघेही असावेत, आणि फक्त निवडणुकीच्या वर्षी हा अर्ज देऊ नये, दरवर्षी द्यावा. पाण्याचा प्रश्न एकदा का पॅनेलच्या राजकारणात अडकला की त्याचं उत्तर मिळत नाही.

आपल्याच कारखान्याची बदनामी कशाला करायची, हा आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून घेणारी माणसंही असतात. त्यांना माझं उत्तर पैशाच्या भाषेत आहे. भर हंगामात प्रदूषण मंडळानं उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला तर गव्हाण बंद पडते, गाड्या फाटकात उभ्या राहतात, ऊस वाळतो. हरित न्यायाधिकरणानं पर्यावरण भरपाई लावली तर ती कारखान्याच्या तिजोरीतून जाते आणि एफआरपी देताना तीच रक्कम कमी पडते. सांडपाण्याबद्दल आधी विचारणारा सभासद उसाचा दर वाचवत असतो.

आणि हा हक्क कायमचा नाही. जालना तालुक्यातला रामनगरचा सहकारी कारखाना बंद पडला, पुढे विकला गेला, आणि त्याच्या सभासदांचा आवाज शेअरच्या दाखल्यासकट संपला. राज्यात आज गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खाजगी आहेत. खाजगी कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी पुरवठादार असतो. त्याला सभेची नोटीस येत नाही, अहवाल येत नाही, इतिवृत्त पाहता येत नाही. त्याच्या विहिरीत काळं पाणी आलं तर त्याला तक्रारदार म्हणूनच उभं राहावं लागतं. ज्यांच्याकडे अजून शेअर आहे, त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

पुढच्या पानांत अर्जांचे नमुने, संमतीपत्र कसं वाचायचं, फॉर्म पाचमधल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ, आणि कंपनीच्या भागधारकासाठी वेगळं प्रकरण आहे. सगळी पुस्तिका वाचून व्हायची वाट पाहू नका. यंदाच्या सभेची नोटीस आली असेल तर ती शोधून काढा, शेजारच्या चार सभासदांना बोलवा, पाच ओळींचा अर्ज लिहा आणि कारखान्यावर नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.